दुसऱ्या शेवटाची परवानगी

नाटकाचं पुस्तक आमच्याकडं कसं वापरत, ते आधी सांगते. काटेवाडीसारख्या गावच्या हौशी मंडळींत मिळून एक पुस्तक यायचं. आलं की त्याची शिवण उसवायची, पानं सुटी करायची आणि ज्याच्या त्याच्या भूमिकेप्रमाणं वाटून टाकायची. पहिलं पान कुणाच्याच वाट्याला येत नसे. त्यावर लेखकाचं नाव, त्याचे हक्क वगैरे बारीक अक्षरात छापलेलं असायचं. त्या पानात कुणी तरी तंबाखू गुंडाळून नेई. त्यात लबाडी अजिबात नव्हती. लेखक पुण्या-मुंबईकडं जिवंत असेल, आपलं नाटक कुठं चाललंय याची त्याला काही पडलेली असेल, हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. देवळात भजन म्हणताना आपण कुणाला विचारतो का, इतका सरळ हिशोब होता.

या हिशोबात माझ्या नवऱ्यानं खोडा घातला. ते बारामतीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. गाव त्यांना मास्तर म्हणे आणि मीही मास्तरच म्हणायची. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हे आईनं माझ्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हते, पण हे एवढं कसं कोण जाणे पाळलं. लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मास्तरांना पुण्याच्या जुन्या बाजारात इंग्रजीतलं एक पुस्तक मिळालं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड, लहान देशातल्या नाटकांचे अनुवाद होते त्यात. त्यातल्या एका छोट्या नाटकानं त्यांना झपाटलं. खाणीत कामाला गेलेला एक नवरा, आणि घरी त्याची वाट बघणारी बायको. तो अवेळी आला तर दार वाजवत उभा राहायला नको, म्हणून ती दाराला कडीच लावत नाही. सगळं गाव तिला हसतं. शेवटी त्याच्याबरोबर कामावर असलेला एक गडी येतो आणि तो गेल्याचं सांगतो. ती ऐकून घेते, गड्याला जेवायला वाढते, आणि तो निघून गेल्यावर उठून दाराला कडी लावते. संपलं नाटक. मास्तरांनी खाणीच्या जागी धरण केलं, पावाच्या जागी भाकरी केली आणि बायको आपल्या भागातली केली. रोज शाळेतून आले की लिहायचे आणि लिहिलेलं लगेच मला वाचून दाखवायचे. मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, “आपल्याकडची बाई असं बोलत नाही हो,” आणि ते मुकाट्यानं खोडायचे. त्या नाटकातली निम्मी वाक्यं अशी माझ्या पोळपाटाशी दुरुस्त झालेली आहेत.

पुस्तकाच्या शेवटी लिहिलं होतं की, प्रयोग करायचा असेल त्यानं लेखकांच्या अमुक संस्थेकडं लिहावं. मास्तरांनी लिहायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, “त्या माणसाला कळणार आहे का, काटेवाडीत कुणी त्याचं नाटक केलं ते?”

“कळणार नाही,” ते म्हणाले, “म्हणूनच सांगायला हवं.”

मग त्यांनी मला सगळी व्यवस्था समजावून सांगितली. एकटा लेखक गावोगाव कुठं फिरणार? म्हणून तिकडच्या लेखकांनी एकत्र येऊन संस्था काढली. कुठं प्रयोग झाला, कुणी केला, लेखकाचं नाव सांगितलं की नाही, हे ती संस्था बघते. अशा संस्था देशोदेशी आहेत आणि त्यांचे एकमेकींशी करार आहेत. तुमच्या लेखकाचं आम्ही इथं बघू, आमच्याचं तुम्ही तिथं बघा.

“म्हणजे सोसायटीच की,” मी म्हटलं, “आपल्याकडं खताची असते तशी.”

मी चेष्टेनं बोलले होते, पण मास्तरांनी तेच उचललं. काटेवाडीच्या नाटकमंडळींचे म्होरके म्हणजे तात्या. त्यांची पाटाच्या पाण्यावर वांगी, टोमॅटो, गवार असायची. बाजारच्या दिवशी बारामतीत माल उतरवला की ते आमच्या ओसरीवर येऊन बसत. त्यांना शाळा माहीत नव्हती, पण सगळ्या भूमिका ऐकून ऐकून पाठ. लेखकांची सोसायटी म्हटल्यावर त्यांना एका झटक्यात पटलं. “व्हय, मंग इचारायलाच पायजे,” ते म्हणाले. “सोसायटीचं काम हाय म्हटल्यावर सभासदाला डावलून कसं चालंल?”

नाटकाचं वाचन आमच्याच घरी झालं. सगळी मंडळी आली होती. शेवट झाला तसे तात्या अवघडल्यासारखे हलले. “मास्तर, समदं बेस हाय. पर ह्यो शेवट जत्रंत चालायचा न्हाय. देवाच्या दारात मेल्याचा निरोप आनायचा आन् त्याच्यावर पडदा पाडायचा? मानसं अंगावर येतील. त्यो गडी परत येऊ द्या की.”

आमच्याकडची ही रीत मला माहीत होती. जत्रेतलं नाटक देवासाठी असतं, तिथून माणसानं घरी जाताना अशुभ घेऊन जायचं नाही. तरी मीच आधी बोलले. “तात्या, तो लेखकाचा शेवट आहे. त्यात एक शब्द बदलायचा नाही. मास्तरांनी पत्रात तसं कबूल केलंय.” मास्तरांनी माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. विषय तिथंच संपला असं मी समजले.

तिकडून उत्तर यायच्या आतच मास्तर अंथरुणाला खिळले. छातीचं जुनं दुखणं होतं, ते उलटलं. आधी शाळा सुटली, मग चालणं सुटलं, मग बोलताना धाप लागू लागली. तात्या दर बाजारी येत राहिले. भाजी ठेवायचे आणि उशाशी बसायचे. मला म्हणायचे, “बाई, तुमी जरा हवा खाऊन या, मी हाय हितं.” मी विहिरीवर जायची, धुणं धुवायची, पाठ मोकळी करायची. आणखी कुणाचा एवढासुद्धा आधार नव्हता. उन्हाळा सरत आला असताना मास्तर गेले.

उत्तर आलं ते त्यानंतर. पाकिटावर त्यांचं नाव, आणि पोस्टमन ओसरीवर खाली मान घालून उभा. प्रयोगाला परवानगी होती. पत्राखाली एका बाईंची सही होती. मी शब्दकोश घेऊन बसले आणि जमेल तशा इंग्रजीत त्या बाईंना कळवलं की, ज्यांना तुम्ही परवानगी दिली ते आता नाहीत, तेव्हा ही परवानगीही संपली का? एव्हाना शाळेच्या हजेरीपटावरून त्यांचं नाव निघालं होतं. सासरच्यांनी त्यांचा कोट, छत्री, कोल्हापुरी वहाणा वाटून टाकल्या होत्या. हेही संपलं असतं तर मी काही करू शकले नसते.

त्यावर बाईंचं उत्तर आलं: अनुवाद करणारा हाही लेखकच असतो. त्याचं लेखन त्याच्यामागं पन्नास वर्षं त्याचं राहतं आणि तुम्ही त्याच्या वारस आहात. आमच्या नोंदीत त्यांचं नाव लेखक म्हणून घेतलं आहे.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. इथं तेराव्याला सगळ्यांचं आटपलं होतं आणि तिकडं, ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलं नाही, त्या लोकांनी त्याला पन्नास वर्षं दिली होती. मी पदरात तोंड घालून रडले, आणि मग हसलेही. बाकी अटी साध्या होत्या. परदेशी पैसे पाठवण्याची भानगड आमच्याच्यानं निभणारी नव्हती, ती त्यांनीच सोडून दिली. त्याऐवजी दर प्रयोगाची हकीगत कळवायची. पडदा उघडण्याआधी मूळ लेखक आणि अनुवादक, दोघांचीही नावं मोठ्यानं सांगायची. संहितेत बदल करायचा नाही. आणि शेवटी लिहिलं होतं की, तुमच्या देशात आमची भगिनी-संस्था अजून नाही, तेव्हा तुमच्या भागापुरतं हे काम तुम्हीच कराल का? अशा रीतीनं बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जगभरच्या लेखकांच्या सोसायटीची मी एकटी प्रतिनिधी झाले.

त्याच सुमारास मला इंदापूरला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. सासर-माहेर दोन्हीकडून बोलावणी होती, पण बोलावण्यामागं काय असतं ते मला कळत होतं. मी एक खोली घेतली. इंदापुरात मास्तरांना कुणी ओळखत नव्हतं. बारामतीत मी निदान मास्तरांची बायको होते. इथं नुसती एक विधवा बाई. सहा दिवस मुलींच्या गलक्यात जायचे. रविवारी माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. कुठं तरी हाक मारावीशी वाटायची, पण कुणाला मारणार? भाजीवाल्या बाईशी मी उगाच घासाघीस करायची, तेवढंच चार वाक्यं बोलणं व्हायचं. एक गोष्ट तर मला तिथंच कळली. मास्तरांचं नाव घेणारं माणूस आता भोवती एकही राहिलं नव्हतं. त्या उखाण्यापलीकडं मी स्वतः कधी घेतलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला घेण्याचं कारण नव्हतं. माणूस जातो ते एक. पण त्याच्या नावाचा आवाजसुद्धा कानावर पडू नये, हे मी धरून चालले नव्हते.

पहिला प्रयोग कऱ्हाटीच्या जत्रेत ठरला. मी एस.टी.नं बारामतीला गेले आणि तिथून तात्यांच्या बैलगाडीतून पुढं. दिवेलागणीला नाटक सुरू व्हायचं होतं. बायकांच्या बाजूला पुढंच जागा धरून बसले. मंडळींतला एक जण पडद्याबाहेर आला आणि परदेशी लेखकाचं नाव घेताना त्याची जी काही फरफट झाली, ती त्या लेखकानं ऐकली असती तर स्वतःचं नाव त्याला ओळखू आलं नसतं. लोक हसले. मग त्यानं घसा खाकरून मास्तरांचं नाव सांगितलं. पहिलं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं ठसठशीत. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पोटात ऊन पडलं. मला वाटलं, हे नाव असं दर जत्रेत कुणी तरी घेत राहिलं तर मी बाकीचं आयुष्य काढीन.

नाटक छान झालं. बायकोचं काम करणारा गडी मेंढरं राखणाऱ्या घरातला, धिप्पाड, पण लुगडं नेसून उभा राहिला की त्याच्यातला गडी दिसेनासा व्हायचा. निरोप आला. बायकोनं ऐकून घेतलं, जेवायला वाढलं. निरोप्या गेला. ती उठून दाराशी गेली, कडीला हात घातला, आणि बाहेरून दार वाजलं.

मी ताठ झाले. दार उघडलं आणि नवरा आत आला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, शिट्ट्या वाजवल्या, म्हाताऱ्या बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली. तो काय बोलला ते मला त्या गोंधळात नीटसं ऐकूही आलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. पडदा पडल्या पडल्या मी आत घुसले. “हे काय केलंत? ज्यानं सही करून कबूल केलं ते माणूस मेलं म्हणून तुम्ही वाटेल ते करणार? ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकला त्यांना मी काय तोंड दाखवू?” बरंच बोलले. सगळे रंगवलेल्या तोंडानं खाली बघत उभे होते. तात्या हात जोडून एवढंच म्हणाले, “चुकलं, बाई.”

चुकलं म्हणाले खरं, पण पुढच्या महिन्यात सणसरला पुन्हा तेच. तिथं त्या दिवसांत साखर कारखान्याची धामधूम होती, बाहेरगावचे कामगार आले होते, गर्दी दुप्पट. दार वाजलं आणि त्या गर्दीतून एकच आवाज उठला. घरदार सोडून आलेले गडी होते ते. या वेळी मी आत गेले नाही. तात्या माझी नजर चुकवत सामान आवरत होते, आणि मला त्यांचा इतका राग आला की परतताना त्यांच्या गाडीत बसलेच नाही.

आता प्रयोगाची हकीगत लिहायची होती. सगळं सुरळीत झालं असं लिहिलं असतं तर सणसरला पडताळा घ्यायला तिकडून कोण येणार होतं? पण जिथं कुणी बघायला येत नाही तिथंच सांगायला हवं, असं मास्तरांचं म्हणणं होतं, आणि त्यांच्या नावाचं काम त्यांच्याच म्हणण्याविरुद्ध कसं करू? मी लिहिलं: मंडळींनी शेवट बदलला आहे. मेलेला नवरा परत येतो. आमच्याकडं देवाच्या जत्रेत नाटकाचा शेवट मृत्यूवर करत नाहीत. मी विरोध केला, पण त्यांनी ऐकलं नाही. पत्र पेटीत टाकलं तेव्हा मला पुरतं ठाऊक होतं की परवानगी गेली तर नाटक गेलं, आणि नाटक गेलं तर पडद्यापुढं उभं राहून ते नाव घेणारं कुणी राहणार नाही. पेटीत हात घालून पत्र काढता येतं का, असं मी मूर्खासारखं वाकून बघितलंसुद्धा.

उत्तराची वाट बघताना पावसाळा गेला. शाळेतल्या बाया विचारायच्या, तुमचं परदेशात कोण आहे हो? मी म्हणायची, सोसायटी आहे. त्यांना ते बोलणं तुसडं वाटायचं आणि त्या पुन्हा विचारायच्या नाहीत. संध्याकाळी खोलीत मी एकीकडं मनाची तयारी करायची की गेलंच आता ते नाटक, आणि दुसरीकडं पोस्टमन कोणत्या बाजूनं येतो तिकडं कान. असा कान लावून बसायची सवय वाईट. ती लागली की साधी शांतताही अंगावर येते.

शेवटी उत्तर आलं. त्या बाईंनी लिहिलं होतं की आम्ही मूळ लेखकांना विचारलं. ते आता बरेच म्हातारे आहेत. त्यांचं म्हणणं, माझा शेवट माझा आहे, तो मी बदलणार नाही. पण तुमच्या जत्रेच्या देवाशी मी भांडू इच्छीत नाही. जत्रेत दुसरा शेवट करा, मात्र तो माझा नाही हे सांगा, आणि ज्याचा असेल त्याचं नाव सांगा. बिननावाचे शब्द रंगभूमीवर जाऊ नयेत. तेव्हा, बाईंनी पुढं लिहिलं होतं, दोन गोष्टी कळवाव्यात. एक, नव्या शेवटाचा लेखक कोण? आणि दोन, या शेवटानं अनुवादातही बदल होत असल्यामुळं अनुवादकाची वारस म्हणून तुमची संमती आहे का?

नाटक बचावलं होतं. मी येत्या रविवारीच काटेवाडी गाठली.

तात्या वांग्यांच्या वाफ्यांत पाणी धरत होते. पाटाच्या पाण्याची त्यांची पाळी आली होती, त्यामुळं हातातलं फावडं खाली ठेवायला त्यांना सवड नव्हती. मी बांधावर उभी राहून पत्रातलं सगळं सांगितलं. ते खूश झाले, पण लेखकाचं नाव विचारल्यावर पुन्हा पाण्याकडं वळले. एक वाफा भरला, दुसऱ्यात पाणी सोडलं.

“तात्या, रागावत नाही आता. तुम्हीच रचलाय ना? मग तुमचं नाव लिहिते. तिकडं नोंद होईल, लेखक म्हणून.”

“माजं नगं.”

“मग मंडळींपैकी कुणाचं?”

“कुनाचंच नगं.” त्यांनी फावडं रोवलं. “बाई, तुमी दर जत्रंत आमास्नी नावं म्हनायला लावली. ज्याचं त्याचं नाव सांगायचं, आदी सांगायचं. आता दुसऱ्यानं केल्यालं माज्या नावावर कसं घालू? मास्तरांनी शपत घातली हुती म्हून बोललो न्हाय. त्यो शेवट मास्तरांचा हाय.”

मला आधी कळलंच नाही. कुठले मास्तर, असं मी विचारलं.

“आपलं मास्तर. पडून हुते तवा. तुमी हिरीवर जायच्या न्हाय का? तवा सांगायचे. मला लिवता येत न्हाय, मी पाठ करून घ्यायचो. चार-पाच बाजार लागले आमाला. म्हनले, तात्या, जत्रंला असू द्या ह्यो. पर हिला कळू देऊ नका. ती एक शबूद बदलू द्यायची न्हाय.”

मी बांधावर बसले. पाणी सरीतून पुढं सरकत होतं आणि तात्यांना ते सोडून येता येत नव्हतं, त्यामुळं ते तिथूनच माझ्याकडं बघत उभे राहिले. काय वाटलं ते सरळ सांगते. मला मत्सर वाटला. या माणसानं लिहिलेली प्रत्येक ओळ आधी माझ्या कानावर पडली होती. मरता मरता त्यानं एका मेलेल्या नवऱ्याला घरी परत आणलं, आणि ते वांगी पिकवणाऱ्या तात्यांना सांगितलं. मला विहिरीवर पाठवून. कुणासाठी केलं हे त्यांनी? तात्यांच्या जत्रेसाठी, माझ्यासाठी, की स्वतःसाठीच? तात्यांना मी तसं विचारलं. ते म्हणाले, “त्ये काय बोलले न्हाईत.”

“म्हणून दाखवा मला,” मी म्हटलं. “त्यांनी सांगितलं तसं.”

तात्यांनी पाणी दुसऱ्या सरीला लावलं आणि चिखलात उभे राहूनच म्हणायला लागले. जत्रेच्या गोंधळात मला जे नीट ऐकू आलं नव्हतं ते आता स्वच्छ ऐकू आलं.

“आलो गं. वाटंत… लई उशीर झाला. दार उघडं ठिवून… बसत जाऊ नगंस, वारं लागतंय तुला. कुनी काय निरोप… दिला असंल तर… त्यो खरा धरू नगंस.”

ते मधेच थांबत होते. वाक्य तुटेल अशा जागी, शब्दाच्या आधी, कारण नसताना. मला वाटलं विसरले. “अडखळताय कशाला? आठवत नाही का?”

“अडकळत न्हाय,” तात्या म्हणाले. “मास्तर तितंच थांबायचे. दम लागायचा त्यांस्नी. मी जसं ऐकलं तसं पाठ केलं. गड्यालाबी तसंच शिकवलंय, हितं हितं थांबायचं म्हून. त्यो एकदा सलग म्हनाया लागला तवा मी त्याला धरून पुन्यांदा बशिवला. गुरूनं दिल्यालं आपल्या मनानं बदलत न्हाईत.”

मग त्यांनी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हटलं, मी न सांगता. तात्यांचा आवाज घोगरा, मास्तरांचा पातळ. पण थांबे मास्तरांचे होते. शेवटच्या दिवसांत मी ते थांबे मोजत उशाशी बसलेली असायची, पुढचा श्वास येतो का नाही म्हणून. कऱ्हाटीला, सणसरला, भर जत्रेत, गॅसबत्तीच्या उजेडात एक गडी त्या जागी थांबत होता आणि लोक त्याचा पुढचा शब्द यायची वाट बघत होते. मी हमसून हमसून रडले. तात्या बिचारे फावडं धरून उभे, आणि वाफा फुटून पाणी रस्त्यावर चाललं होतं ते त्यांनी जाऊ दिलं.

इंदापूरला परत आल्यावर मी उत्तर लिहायला बसले. नव्या शेवटाचा लेखक कोण, यापुढं मी मास्तरांचं पूर्ण नाव लिहिलं. ज्या अटीवर सही केली तीच त्यांनी मोडली होती हेही लिहिलं, कारण ते खरं होतं.

संमतीच्या ओळीपाशी मात्र मी अडले. मास्तरांनी मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यासाठी माझ्याच घरात एक गोष्ट माझ्यावाचून पुरी झाली. याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. मला विचारणारे निघाले ते समुद्रापलीकडचे, ज्यांना माझं तोंडसुद्धा माहीत नव्हतं. तुमची संमती आहे का? लग्न ठरलं तेव्हा, तेराव्याला घर आवरलं तेव्हा, कधीच मला कुणी हे विचारलेलं नव्हतं.

मग लिहिलं की संमती आहे, पण वारस म्हणून माझी एक अट आहे. ती अट मंडळींना बांधील राहील असं तुमच्या नोंदीत घ्यावं. परत आलेल्या नवऱ्याच्या बोलण्यात ज्या ज्या जागी थांबा आहे, त्या त्या जागी नटानं थांबलंच पाहिजे. ते थांबे लेखकाचे आहेत. त्यातला एकही कुणाला गाळायचा झाला तर त्यानं आधी मला येऊन विचारावं.

त्यांनी तशी नोंद घेतल्याचं कळवलं. मला विचारायला अजून कुणी आलेलं नाही.